रक्ताच्या नमुन्याआधी वंशावळ

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण आनुवंशिक दोषाचे नसतात. शंभरातील सुमारे ५ ते १० जणांमध्येच आईकडून किंवा वडिलांकडून आलेला जनुकीय बिघाड त्याच्या मुळाशी असतो. यातील सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे लिंच सिंड्रोम. त्यात पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या जनुकांपैकी एखादे सदोष असते आणि अशा पालकाच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अशा आनुवंशिक दोषाच्या तपासणीचा विषय निघाला की बोलणे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांकडे आणि खर्चाकडे वळते; वास्तविक पहिली चाळणी म्हणजे कागदावर काढलेली तीन पिढ्यांची वंशावळ, आणि नेमकी तीच इथे अपुरी राहते. नातलग विचारले की चुलते आणि भाऊ सांगितले जातात. आत्या, मावशी आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी मात्र 'त्या आता दुसऱ्या घरच्या' म्हणून गळतात. लिंच सिंड्रोममध्ये स्त्रियांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही होतो, पुष्कळदा आतड्याच्या आधी, परंतु कुटुंबाच्या आठवणीत त्याची नोंद 'पिशवी काढली' या दोन शब्दांपलीकडे जात नाही आणि काढलेल्या पिशवीचा तुकडा तपासणीला गेला होता का, हे सांगणारा कागद क्वचितच सापडतो. पुरुषांच्या बाबतीत शौचावाटे जाणारे रक्त मूळव्याधीच्या खात्यावर जमा होते आणि औषधोपचारात महिने जातात. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९१३ साली याच विकाराच्या ज्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा माग एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने घरातील मृत्यूंविषयी सांगितलेल्या माहितीवरूनच लागला होता.

या भागात मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे, तिचाही येथे विचार करावा लागतो. आई आणि मामा या दोघांकडे एकाच जनुकातील दोष असेल आणि तो दोघांच्या मुलांत उतरून त्यांचा विवाह झाला, तर त्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून सदोष प्रत मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश राहते. अशा बालकांत अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग दिसू शकतात आणि मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग लहान वयातच उद्भवतो. घराण्यात असा आजार आहे हे ठाऊक असूनही सोयरीक मोडेल या भीतीने घरे गप्प बसतात, आणि ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही.

तपासणीचा क्रम मात्र ठरलेला आहे. प्रथम रुग्णाच्या गाठीतच दुरुस्तीची प्रथिने शाबूत आहेत की नाहीत हे विशिष्ट रंजन करून पाहतात, संशय आल्यास त्याच्या रक्तातील जनुके वाचतात आणि नेमका दोष सापडल्यावरच नातलगांमध्ये तेवढ्याच दोषाचा शोध घेतात. निरोगी माणसाची चाचणी सर्वांत आधी करून हाती आलेला 'दोष नाही' हा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. लिंचमध्ये आतड्यातील साधा कोंब (पॉलिप) कर्करोगात बदलायला दशक लागत नाही, दोन-तीन वर्षे पुरतात, म्हणून एमएलएच१ किंवा एमएसएच२ मध्ये दोष असलेल्यांना विशीच्या मध्यापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, सुचवली जाते. ज्याच्यात दोष उतरलेला नाही, त्याची या फेऱ्यातून सुटका होते. चाचणीचा हा लाभ फारसा सांगितला जात नाही.

शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्याच कर्करोगांची तपासणी होते, आतड्याची नव्हे. त्यामुळे पन्नाशीच्या आत आतड्याचा कर्करोग झालेला रुग्ण ज्या घरात आहे, त्या घराने विकृतिशास्त्राचा अहवाल जपावा आणि मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, ज्याला रुग्णालयात 'ब्लॉक' म्हणतात, तो प्रयोगशाळेकडून रीतसर मागून घ्यावा. रुग्ण हयात नसला तरी पुढील तपासणी त्यावरून होऊ शकते.