बुवापाड्यातील मिनर्व्हा

बुवापाड्याला कोणी हवापालटासाठी जात नाही. या अंकात काश्मीर, केरळ, क्वचित युरोपही असेल. त्या थोर मंडळींच्या पंक्तीला अंबरनाथच्या पश्चिमेकडील एका दाट वस्तीला बसविण्याचे धाडस मी करतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण गेल्या पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मी तेथे चार खेपा घातल्या आणि प्रत्येक खेपेला काही ना काही पाहिले. प्रवास म्हणावयाचा तो याहून निराळा काय असतो?

पुण्याहून गाडीने कल्याण आणि कल्याणहून उलटी लोकल. विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि तिसरे अंबरनाथ. पश्चिमेला उतरून शेअर-रिक्षात चौथा म्हणून अर्धे अंग आत आणि अर्धे बाहेर ठेवून बसले की विम्को नाक्याचे नाव कानी पडते. ज्या आगपेट्यांनी आपल्या आईने चुली आणि आजीने निरांजने पेटविली, त्यांचा कारखाना या गावात होता. कारखाना गेला, नाक्याला नाव राहिले. तेथून आत गल्ल्या. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने कोणाच्या तरी उंबऱ्यावर पाय ठेवावा आणि दुसऱ्याला वाट द्यावी, अशा. उंबऱ्याचा मालक रागावत नाही, उलट "कोणाकडे?" असे विचारतो आणि घरापर्यंत पोहोचवतो.

माझे धाकटे मामा येथे राहतात. वय एक्याऐंशी. उभा जन्म ऑर्डनन्समध्ये फिटर म्हणून काढलेला. मामी जाऊन सहा वर्षे झाली. मुलगी नाशिकला बोलावते, पण मामा हलत नाहीत. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही आणि पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक. आषाढात गेलो तेव्हा मामांनी ती ट्रंक ओढून काढली.

"यातलं काही चालतं का बघ. तू कॉम्प्युटरवाला ना?"

मी कॉम्प्युटरवाला नाही. विमा कंपनीत कॉम्प्युटरसमोर पस्तीस वर्षे बसलो, एवढेच. पण मामांच्या लेखी दोन्ही एकच. ट्रंकेत चाळीसएक चकत्या होत्या : नाटकांच्या, भजनांच्या, जुन्या चित्रपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी. त्यांचा प्लेअर केव्हाच निकामी झाला होता. आणि तळाशी, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट. मुलीच्या लग्नाची, १९९३ ची.

"त्यात ती बोलते," मामा म्हणाले. "दुसरीकडे कुठे आवाज नाही तिचा."

मामांना आता ऐकू कमी येते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली आहे आणि मोबाइलवर बोट कोठे टेकवायचे हे त्यांना पटत नाही. तेव्हा ठरले असे : एक लहानसा कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा, सारे त्यात भरायचे आणि मामांनी हातातल्या रिमोटने हवे ते पाहायचे. घरच्या घरी चित्रपटगृह! याला इंग्रजीत होम थिएटर पीसी असे भारदस्त नाव आहे.

शेजारचा एक मुलगा बरोबर घेऊन मी लॅमिंग्टन रोडला निघालो. दादरला उतरून पूल ओलांडायचा, पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव जाऊन रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव लागले, तरी दुकानदार आणि गिऱ्हाईक जुनेच नाव घेतात. माझ्या तरुणपणी हा रस्ता थिएटरांचा होता. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ! मिनर्व्हाला १९७५ मध्ये 'शोले' लागला तो पाच वर्षे हलला नाही. मामा रात्रपाळी संपवून मामीला घेऊन तो पाहायला आले होते. थिएटरे गेली, आता त्याच रस्त्यावर लोक चित्रपटगृह पिशवीत घालून घरी नेतात. तो मुलगा मिनर्व्हाची जागा दाखवा म्हणाला. मी बोट केले, पण काय दाखवणार?

पहिल्या दुकानदाराने विचारले, "बजेट?" दुसऱ्याने विचारले, "फोर-के ना?" तिसरा मात्र भला निघाला. त्याने विचारले, "पाहणार काय?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा असतो. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, म्हणजे सारे मिळून लाखभर. डीव्हीडीत सव्वाचार लाखांच्या आतबाहेर. मामांच्या टीव्हीचा पडदाच मुळी साडेदहा लाख ठिपक्यांचा. आणि फोर-के म्हणजे ब्याऐंशी लाखांच्या वर! लाखाचे चित्र दाखवायला ब्याऐंशी लाखांचे यंत्र म्हणजे वाटीभर आमटीला लग्नातले पातेले. गृहस्थाने हे आपण होऊन सांगितले, म्हणजे स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध सांगितले. अशी माणसे लॅमिंग्टन रोडवर अजून आहेत.

मग निवडीला तीन उमेदवार उरले. एक, कचेऱ्यांतून निवृत्त झालेले पुस्तकाएवढे कॉम्प्युटर. स्वस्त आणि दणकट, पण आत पंखा, आणि खोलीत जिथे मामांची उशी तिथेच टीव्ही. दुसरा, एन-१०० नावाची चिप असलेला नवा चिमुकला डबा. ही इंटेलची चिप २०२३ ची, वीज अगदी थोडी खाते आणि आजच्या सर्व तऱ्हांची चित्रे उलगडते. माझे मन तिच्यावर बसले होते. तिसरा, रास्पबेरी पाय. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून विलायतेत २०१२ मध्ये निघालेली ही पाटी, एटीएमच्या कार्डाएवढी.

निकाल लागला तो रिमोटवर. एचडीएमआयच्या तारेतून चित्र आणि आवाज तर जातोच, पण सीईसी नावाची एक सोय असली तर टीव्हीच्या रिमोटची बटणेही त्याच तारेने उलट यंत्रापर्यंत पोहोचतात. रास्पबेरी पायमध्ये ती आहे. पीसीच्या जातीच्या डब्यांत बहुधा नसते, निराळा जोड घ्यावा लागतो. मामांच्या हातात दुसरा रिमोट द्यायचा म्हणजे दोन्ही हरवणार. नव्या पाचव्या आवृत्तीऐवजी २०१९ ची चौथी घेतली. पाचवी वेगवान खरी, पण एच-२६४ ही सर्वांत प्रचलित चित्रे उलगडणारा स्वतंत्र भाग तिच्यातून काढून टाकला आहे आणि ते काम ती मुख्य मेंदूकडून करून घेते. चौथीत तो भाग आहे. दोन जीबी मेमरी पुरली. पेटी घेतली ती पंखा नसलेली, ॲल्युमिनियमची, जी स्वतःच तापून उष्णता बाहेर टाकते. मामांनी ती हातात घेऊन नखाने वाजवली आणि म्हणाले, "हीटसिंक. चांगलंय." फिटर तो फिटरच.

पाच स्पीकरांचा संच मात्र मी निक्षून नाकारला. दहा बाय बारात पाच कोपरे आणायचे कोठून?

सॉफ्टवेअर फुकट मिळाले. कोडी नावाचा कार्यक्रम मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिला गेला होता; २०१४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तो स्वतः काहीच देत नाही. तुमचे तुम्ही भरायचे, तो नीट मांडून दाखवतो. आणि यंत्र सुरू होताच दुसरे काहीही न दिसता थेट कोडीच उघडावा, यासाठी लिब्रे-इलेक नावाची चिमुकली प्रणाली २०१६ पासून आहे. विंडोजमध्ये पूर्वी मीडिया सेंटर होते, ते २०१५ मध्ये दहाव्या आवृत्तीत काढून टाकले. पैसे भरून पाहावयाच्या वाहिन्यांना कुलुपे असतात आणि असल्या खुल्या यंत्रावर त्या पूर्ण स्पष्टतेचे चित्र सहसा देत नाहीत, हेही सांगून ठेवतो. ज्यांना त्याच पाहायच्या आहेत त्यांनी या भानगडीत पडू नये.

श्रावणात सारे जोडले. पडद्यावर मराठी नावांच्या जागी चौकोन उमटले. अक्षरवळण बदलल्यावर 'नाटके', 'भजने', 'सिनेमा' अशी तीन दारे दिसू लागली. चित्राच्या चारी कडा कापल्या जात होत्या. तो दोष यंत्राचा नव्हे, टीव्हीचा. जुन्या नळीच्या टीव्हीची सवय नवे टीव्हीही चालवतात. टीव्हीच्या मांडणीत एक खूण काढली आणि कडा परत आल्या. मामांनी 'नाटके' उघडले आणि हसले. मी विजयी मुद्रेने पुण्यास परतलो.

पाचव्या दिवशी फोन. "अरे, काळं झालंय सगळं."

वीज गेली होती, आली होती, पुन्हा गेली होती. ज्या नखाएवढ्या कार्डावर सारी प्रणाली होती, ते लिहिता लिहिता मेले. चूक माझी. कार्डे अशा धक्क्यांना टिकत नाहीत, हे मला दुकानात सांगितले होते आणि मी शे-पाचशे वाचवले होते. मामा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "कॅसेट त्याच्यात नव्हती ना घातली?" नव्हती, सुदैवाने. दुसऱ्या खेपेला यूएसबीला लावायची एसएसडी नेली, प्रणाली आणि चित्रे तिच्यावर ठेवली आणि पंधरा मिनिटे तग धरील अशी बॅटरी मध्ये घातली. शिवाय सगळ्याची एक प्रत पुण्यास माझ्याकडे.

आता कॅसेट. व्हीसीआर मिळेना. शेवटी उल्हासनगरला पूर्वी लग्नांची शूटिंग करणारे एक सिंधी गृहस्थ सापडले. महायुद्धातला कल्याण कँप, फाळणीनंतर आलेले निर्वासित आणि १९४९ मध्ये मिळालेले उल्हासनगर हे नाव, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 'मेड इन यूएसए'चा विनोदही. मी एवढेच सांगतो की जे कोठेच दुरुस्त होत नाही ते या कँपांत होते. गृहस्थांनी कॅसेटची झडप उचलून टेप उजेडात धरली. कडेला पांढरी बुरशी.

"ही अशीच लावली तर हेड भरेल आणि टेप कापेल," ते म्हणाले. "एकदाच चालवणार मी. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप हाताने गुंडाळत, मऊ कापडाने टिपत, स्वच्छ करून ठेवली होती. कॅसेट तीन तासांची, म्हणून उतरवायलाही तीनच तास. तेथे घाई चालत नाही. मला समोर बसवेना. रिक्षा केली आणि शिवमंदिरात जाऊन बसलो. छित्तराजाने आरंभलेले आणि मुम्मुणीच्या काळी, शके ९८२ म्हणजे १०६० मध्ये पुरे झालेले हे शिलाहारांचे देऊळ. बाहेरून तसूभर भिंत मोकळी नाही, सारी शिल्पे. आणि गाभारा मात्र पायऱ्या उतरून खाली, वर आकाश उघडे. शेजारून वालधुनी वाहते; कारखान्यांनी तिचे पाणी नासवले आहे, त्याविषयी न लिहिलेले बरे. साडेनऊशे वर्षांचा दगड पावसात उभा, आणि माझ्या मनात येत होते ते बत्तीस वर्षांच्या, बोटाहून अरुंद अशा फितीविषयी.

फीत तुटली नाही. दोन ठिकाणी चित्र फाटले, एकदा रंग गेले, पण सगळे उतरले.

बुवापाड्यात रात्री ते लावले तेव्हा माणसे हलली की त्यांच्या कडांना कंगव्याचे दाते फुटत. जुने व्हिडिओचित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांचे असते. आधी विषम रेघा, मग सम. आजचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून दाते. कोडीत डीइंटरलेस नावाची कळ फिरवली, दाते गेले. आवाज घोगरा होता. तो यंत्रातच थोडा वाढवला आणि मामांच्या उशाशी दोन साधे स्पीकर ठेवले.

मुहूर्त, अंतरपाट, वऱ्हाडी. मामा स्थिर बसून. पंगत सुरू झाली आणि गर्दीतून एक हिरव्या शालूतली बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून ओरडली, "अहो, तुम्ही बसा आता! किती वेळ वाढणार?" आणि वळून, कॅमेरा दिसताच, तोंडाला पदर लावून हसली. बस्स. इतकेच. सहा-सात सेकंद.

मामांनी रिमोट उचलला. मी पुढे झालो, पण त्यांनी हात केला. डावे बटण दाबले. चित्र थोडे मागे गेले. "अहो, तुम्ही बसा आता!" पुन्हा डावे बटण. दारात शेजारची दोन-तीन माणसे उभी होती. कोणी आत आले नाही, कोणी गेलेही नाही. चौथ्या वेळी मामा म्हणाले, "वाढत होतो मी. श्रीखंड. चाळीस माणसं उरली होती."

मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि मला जेवायला वाढले.

सकाळी निघताना दारात समोरच्या वहिनी उभ्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅसेट. त्यांच्यामागून कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, त्याच्याजवळ दोन. बारसे, १९९६, साखरपुडा, आणि एक नाव पुसलेली. "मामा म्हणाले, तुम्ही करून देता," वहिनी म्हणाल्या. मी मामांकडे पाहिले. ते टीव्हीमागची तार नीट लावल्याचे सोंग करीत होते.

कल्याणच्या गाडीला गर्दी होती. पिशवी मांडीवर घेऊन बसलो, वरच्या फळीवर ठेवली नाही.