पाल्याखालची ओल

लातूरच्या मुलीला जंगल शिकायचं तर आधी जंगल असलेला जिल्हा गाठावा लागतो. आमच्याकडे वनक्षेत्र एक टक्काही नाही. औशाच्या शिवारात मी पाहिलेली झाडं बांधावरची, लिंब, बाभूळ, एखादी बोर. बाकी काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी किनवट मागून घेतलं.

पानगळ मला पाठ होती, पण पुस्तकातली. समशीतोष्ण मुलखातले ओक, बीच, मेपल. दिवस लहान होतो, थंडी वाढते, पानं रंग बदलून गळतात. फेब्रुवारीत आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीनं किनवटला उतरले आणि सागाच्या रानात शिरले, तर पानगळ समोर आणि थंडीचं नाव नाही. साग उघडा, मोईन उघडी, पळस फुललेला. इथलं झाड पानं टाकतं ते तहानेपायी. जमिनीतली ओल आटू लागली की पानांतून उडून जाणारं पाणी त्याला परवडत नाही. आमच्या सरांनी पुढची गोष्ट सांगितली. थंड मुलखातही जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, म्हणजे तिथलं झाडही हिवाळ्यात एका परीनं दुष्काळच काढतं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी टँकरपुढे घागर घेऊन उभी होते. मला ते लगेच पटलं.

काम साधं होतं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकट सुतळीनं आखायची आणि आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपनं मोजायचा. साग, धावडा, ऐन, टेंभुर्णी, मोह. मग त्यातच एक मीटरची छोटी चौकट करून गुडघ्यावर बसायचं आणि रोपटी मोजायची. खरं जंगल मला तिथं भेटलं. वरच्या मोठ्या झाडांवरून जंगलाचा काल कळतो, उद्याचं जंगल त्या रोपट्यांत असतं. सागाला तोडलेल्या बुंध्यातून फुटवे आलेले होते. मोहाचं रोप मात्र चौकटीमागून चौकट गेली तरी दिसेना.

मार्चअखेर गेले तर एका चौकटीची राख झालेली. सुतळीसुद्धा उरली नव्हती. मला रडू आलं. जवळच मोहाची फुलं वेचणाऱ्या आजी म्हणाल्या, "काय मोजायलीस गं माय?" मी सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाला जाळल्याबिगर फूल दिसत नाही. पाल्यात हात घातला की इच्चू निघतो." त्यांची वर्षाची मीठ-मिरची त्या फुलांवर होती. त्यांना दोष देणं मला तेव्हाही जमलं नाही, आजही जमत नाही.

पण त्या दिवशी मी दोन ठिकाणी हात लावून पाहिला. जळालेली जमीन तव्यासारखी होती. वीस पावलांवर चार बोटं पाल्याखाली माती गार होती, बोटांना चिकटत होती, आणि वाळवी त्या पानांची माती करत होती. माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मला ते जास्त शिकवून गेलं. आजींना मी झाडाखाली जुनं लुगडं अंथरून फुलं झेलायचं सुचवलं. "बघू," म्हणाल्या.

उन्हाळ्यात घरी आले तेव्हा बांधावरच्या लिंबाखालचा पाला वडिलांनी नेहमीसारखा गोळा करून ठेवला होता, काडी लावायच्या बेतानं. मी तो पुन्हा बुंध्याभोवती पसरला.

तुमच्याही बांधावर, दारात एखादं झाड असेल. त्याच्याखालचा पाला यंदा पेटवू नका. एप्रिलात भर दुपारी त्यात हात घालून माती तेवढी चाचपून पाहा.