हाताला पाठ झालेल्या दिशा

लिनक्सवर आज एखादं अ‍ॅप उघडायचं तर सुपर कळ दाबायची, नावातली चार अक्षरं टंकायची आणि एंटर. सोय चांगली आहे, पण दिवसभर मराठीत लिहिणाऱ्याला ती सारखी अडवते. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असतो. मेल उघडायचा म्हणून घाईत इंग्रजी एम-ए-आय-एलच्या कळा दाबाव्यात, तर पडद्यावर उमटतं ‘सोगत’. मग भाषा बदला, पुन्हा टंका, पुन्हा मराठीवर या. अशा वेळी मला ग्नोम-पाय फार आठवतं.

2011 साल ते. एप्रिलमध्ये उबुंटू 11.04 आलं ते युनिटी हा नवा डेस्कटॉप घेऊन, त्याच महिन्यात ग्नोम 3 आलं, आणि वरच्या पट्टीतला ‘अ‍ॅप्लिकेशन्स, प्लेसेस, सिस्टिम’ हा सवयीचा मेनू बघता बघता मागे पडला. स्वतःच्याच मशीनवर परकं वाटावं असे ते दिवस. त्याच वर्षी सायमन श्नेगान्स या जर्मन तरुणाचं ग्नोम-पाय हाती आलं. मी ते कंट्रोल आणि माउसच्या मधल्या बटणावर बसवलं होतं. बटण दाबलं की बाण जिथे असेल तिथेच, त्याच्याभोवती चित्रांचं कडं उघडायचं. बाण ज्या बाजूला कलेल तिकडचं चित्र मोठं व्हायचं, मधल्या वर्तुळात त्याचं नाव यायचं आणि वर्तुळावर त्याच चित्राचा रंग चढायचा. फायरफॉक्सकडे वळलं की नारिंगी. निव्वळ बघायला म्हणूनही मी ते कितीदा उघडत असे!

पण त्याची खरी किमया वेगळी होती. लांबलचक यादीत खालचं नाव गाठायला बाण खेचत न्यावा लागतो. कड्यात मात्र सगळं सारख्याच अंतरावर असतं, फरक उरतो तो दिशेचा. मेरिलँड विद्यापीठात डॉन हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी 1988 साली आठ-आठ नोंदींचे मेनू घेऊन ही तुलना केली होती, तेव्हा गोल मेनूतली निवड सुमारे 15 टक्के लवकर झाली. माझा अनुभव त्याहून पुढचा. काही दिवसांत डोळ्यांची गरजच संपली. ब्राउझर वर, रायटर उजवीकडे, मेल डावीकडे. अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसा हात आपसूक वळायचा. कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

पुढे लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या एक्स11ची जागा वेलँडने घेतली. तिथे साध्या प्रोग्रामला बाण कुठे आहे ते परस्पर कळत नाही, कुठल्याही कळेवर हक्क सांगता येत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण ग्नोम-पाय त्याच दोन गोष्टींवर उभं होतं. श्नेगान्सने मग 2020 मध्ये फ्लाय-पाय काढलं, आणि आता कँडो. कँडो विंडोज आणि मॅकवरही चालतं. बटण न सोडता नुसती रेघ ओढत उपमेनूतल्या उपमेनूत शिरता येतं. कामाला ते सरस आहे, हे मी आनंदाने सांगतो. ग्नोमवर मात्र त्याच्यासाठी आणखी एक एक्स्टेन्शन बसवावं लागतं, आणि तेवढा खटाटोप करणारे थोडेच. उबुंटूने, फेडोराने हे कडं मुळातच द्यायला हवं. मराठीत टंकणाऱ्या कुणाच्याही मशीनवर मी ते आजही आग्रहाने बसवून देतो.