ताम्हिणीचा घाट आणि गाडीची पायताणे

पुण्याहून निघून पौड, मुळशी मागे टाकली की कोकणात उतरणारा ताम्हिणीचा घाट लागतो. आषाढात इथे पाऊस असा कोसळतो की रस्ता कोणता आणि ओढा कोणता, हे चाकांनीच ओळखावे! एसयूव्हीचे टायर बदलताना या घाटाचे स्मरण ठेवावे.

ऑल-टेरेन टायर दिसतो मोठा रुबाबदार. जाड ठोकळे, खोल खाचा. खडी-मातीत त्याची पकड घट्ट. पण हाच पैलवान डांबरी रस्त्यावर घुमतो, इंधन अधिक पितो आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की साध्या टायरपेक्षा बहुधा उशिरा थांबतो. रोजची कचेरी आणि वर्षातून दोनदा गडाचा पायथा, एवढीच धाव असेल तर साधा टायर बरा. गावचे घर कच्च्या वाटेवर असेल, तर मात्र ऑल-टेरेन खुशाल घ्यावा.

घेताना टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. खाच झिजून १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. घाटातला पाऊस त्याआधीच त्याची परीक्षा घेतो. मागे मुले झोपलेली असतात. रुबाबापेक्षा त्यांची झोप मोलाची!