अटेनमेंटच्या आकड्यात विद्यार्थी कुठे आहे?

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले, अमरावती विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. पुढे चिखली, मलकापूर, बुलढाणा इथेही महाविद्यालये निघाली आणि कॉम्प्युटरची पदवी बुलढाणा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मिळू लागली. शेतकऱ्याच्या घरातली पहिलीच मुलगी इंजिनीअर होते, ही मोठी कमाई आहे. म्हणूनच ती नेमके काय शिकली हे आपण कसे तपासतो, याची मला काळजी वाटते. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि एनबीएच्या, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या, मानांकनात शिकवण्यापेक्षा शिकण्याला महत्त्व आले. प्रत्येक विषयातून काय यावे ते ‘सीओ’, संपूर्ण पदवीतून काय यावे ते ‘पीओ’, आणि ते किती साधले याचे ‘अटेनमेंट’. यामागचा विचार मला पूर्ण मान्य आहे. माझी हरकत मोजणीच्या रीतीला आहे: तिच्यातून विद्यार्थी दिसेनासा होतो.

ही मोजणी कशी चालते ते पाहू. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या गुणांच्या वर किती टक्के मुले गेली ते बघतात. साठ टक्के गेली तर पातळी १, सत्तर गेली तर २, ऐंशी गेली तर ३. साठ जणांच्या वर्गात ४२ जण वर गेले की पातळी २ मिळाली. उरलेले १८ जण प्रत्येक विषयात तेच आहेत की दर वेळी वेगळे, हे तक्ता सांगत नाही. आणि पदवीच्या दृष्टीने सगळ्यात गरजेची माहिती नेमकी तीच. पुढची पायरी तर आणखी अडचणीची. सीओचा पीओशी संबंध १, २ किंवा ३ या अंकाने दाखवायचा असतो आणि तो अंक, म्हणजे मॅपिंग, शिक्षकच ठरवतात. सीओचे अटेनमेंट २.४ असेल आणि मॅपिंग १ असेल, तर गुणाकाराला तीनने भागून पीओच्या खात्यात ०.८ पडतात; मॅपिंग ३ केले की तेच २.४ होतात. एकाही विद्यार्थ्याला एक ओळ जास्त न येता आकडा तिप्पट होतो. यात कुणाची लबाडी नाही. पण एनबीएच्या फाइली तयार करण्यात शिक्षकांच्या संध्याकाळी जातात आणि मुलांचे प्रोग्राम वाचायचे राहून जातात, याचे मला वाईट वाटते.

गुण आणि येणे यांतली दरी किती रुंद असू शकते, हे २००१ साली संगणक शिक्षणाचे संशोधक मॅक्क्रॅकन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. चार विद्यापीठांतल्या, प्रोग्रामिंगचे सुरुवातीचे विषय शिकलेल्या २१६ विद्यार्थ्यांना त्यांनी साधे कॅल्क्युलेटरसारखे प्रोग्राम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. मग २००४ मध्ये लिस्टर यांच्या गटाने सात देशांतल्या मुलांना तयार कोड वाचायला दिला. तो चालल्यावर काय छापेल, हेही अनेकांना सांगता आले नाही. म्हणजे लिहिण्याच्या आधी वाचणेच कच्चे. आपल्या पेपरात ‘किंवा’चा पर्याय असतो, त्यामुळे रिकर्शन टाळूनही डेटा स्ट्रक्चर्समध्ये पास होता येते, प्रॅक्टिकलचे प्रोग्राम जर्नलमध्ये आधीच लिहिलेले असतात. त्याऐवजी खामगाव बाजार समितीच्या सोयाबीन भावाच्या नोंदींसारखी एखादी फाइल द्यावी, तिच्यात सुटीच्या दिवसांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात, आणि त्या रिकाम्या जागा शून्य धरून सरासरी भाव काढणारा चालू प्रोग्राम सोबत द्यावा. भाव एवढा कमी का आला, ते विद्यार्थ्याने शोधावे, दुरुस्त करावे आणि तोंडी समजावून सांगावे. दहा मिनिटांत जे कळते ते अटेनमेंटच्या पूर्ण फाइलमधून कळत नाही.

एवढ्या मुलांची तोंडी परीक्षा कोण घेणार, असे कुणी विचारील. सगळ्या विषयांत ती नकोच. दर वर्षी एका पायाभूत विषयात घेतली तरी पुरे. सगळे पीओ कागदावर मोजण्यापेक्षा तीन गोष्टी खऱ्याखुऱ्या मोजणे मला जास्त प्रामाणिक वाटते. तोंडी परीक्षेत परीक्षकाची मर्जी चालते, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी गुणांचे निकष आधी लिहून ठेवावेत आणि दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. घरी करायचा प्रोजेक्ट आता चॅटजीपीटी लिहून देतो, त्यामुळे समोरासमोर विचारण्याची गरज वाढलीच आहे. सगळ्यात वजनदार आक्षेप भाषेचा. देऊळगाव राजा किंवा संग्रामपूरच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी व्हायव्यात अडखळते, तेव्हा आपण तिचे इंग्रजी मोजतो आणि नोंद मात्र प्रोग्रामिंगच्या खात्यात करतो. तिला मराठीत सांगू द्यावे. लूप, पॉइंटर, अ‍ॅरे हे शब्द तसेच राहतील, तर्क मात्र तिच्या भाषेत येईल. इंग्रजी शिकवायलाच हवे, पण त्याचे गुण वेगळे ठेवावेत. राहता राहिला प्रश्न विद्यापीठाच्या पेपरचा. तो संलग्न महाविद्यालयाच्या हातात नाही, पण अंतर्गत गुण आणि रोजची प्रॅक्टिकल्स आहेत. येत्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या एका बॅचला न पाहिलेला कोड देऊन सुरुवात करता येईल, आणि मागे पडलेल्यांची नावे सत्र संपायच्या आत शिक्षकाच्या हाती असतील.