नेकनूरचा जाम

काही गावांची नावेच अशी असतात की, ती ऐकल्यावर एकदा जाऊन यावेसे वाटते. नेकनूर हे त्यांतलेच. नेक म्हणजे भला आणि नूर म्हणजे तेज! बालाघाटाच्या माळावरचे हे बीड जिल्ह्यातले गाव. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ते राज्य गेले, पण बोलीत त्याच्या खुणा राहून गेल्या. गावात बंकटस्वामी महाराजांचा मठ आहे, त्यामुळे टाळ-मृदंग घरोघर ओळखीचे. आणि मशिदीतली बांगही तितकीच ओळखीची.

माझी मुलगी या गावची सून. ती आणि जावई असतात पोर्तुगालमध्ये, लिस्बनला. गेल्या दिवाळीत दोघे नेकनूरला येणार होते, आणि 'विहीणबाई, यंदा पाडवा आमच्याकडं' असे आमंत्रण आल्यावर आम्हीही पुण्याहून निघालो.

पुणे-नगर रस्त्याला मान मोठा आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच रस्त्यावर. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे. तिथून आष्टी, जामखेड, पाटोदा करीत मांजरसुंब्याला पोचावे; नेकनूर तिथून जवळच. पाटोद्यापुढे डोंगर दिसू लागतात आणि त्यांच्या उतारांवर सीताफळीची झाडे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही दोन टोपल्या घेतल्याच. समोरून मात्र ट्रॅक्टर येत होते. त्यांवर भांडीकुंडी, वळकट्या, कोंबड्या आणि वर बसलेली पोरे. दसरा-दिवाळी झाली की इथली माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. आपल्या लाडवातली साखर कुठून निघते, ते त्या रस्त्यावर दिसते.

आता मूळ विषयाकडे वळते. मुलीने सामानात वाइनची एक बाटली आणली होती. लिस्बनला ती एक गोड पदार्थ शिकली होती. पोर्तुगीज लोक त्याला 'पेराश बेबेदाश' म्हणतात, म्हणजे झिंगलेल्या नासपती! नासपती सोलून तांबड्या वाइनमध्ये साखर, दालचिनी आणि लिंबाची साल घालून मंद आचेवर शिजवायच्या. तिकडे यासाठी 'रोशा' जातीची नासपती घेतात. ती घट्ट असते आणि शिजून मोडत नाही. पाडव्याच्या जेवणात सासूबाईंना हे खाऊ घालायचे, असा मुलीचा बेत.

पहिली अडचण नासपतीची. नेकनूरच्या बाजारात पेरूंचे ढीग होते, पण नासपतीचे नाव नव्हते. मी म्हटले, "अगं, पेरूच घे. नावावरून तरी हक्क त्याचाच आहे!"

गंमत अशी की, 'पेरा' हा नासपतीचा पोर्तुगीज शब्द. पेरू मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो इकडे आला आणि इकडच्या पोर्तुगीजांनी त्याला आपल्या ओळखीच्या फळाचे नाव देऊन टाकले. गोव्यात अजून पेरूला 'पेर' म्हणतात आणि त्याच्या गराच्या वड्यांना 'पेराद'. आपला 'पेरू'ही त्याच शब्दावरून आला, असे शब्दांची कुळे शोधणारे सांगतात. तेव्हा घरची आठवण म्हणून दिलेले नाव चारशे वर्षे आपल्या तोंडी आहे, आणि आपण ते आपलेच समजतो.

नेकनूरला मात्र या फळाला पेरू म्हणत नाहीत. इथे तो 'जाम'. हैदराबादकडेही हाच शब्द.

दुसरी अडचण मोठी होती. विहीणबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. जावयांनी आईला हसत सांगून टाकले, "अगं, उकळल्यावर त्यातली दारू उडून जाते. उरतो तो नुसता रस."

विहीणबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी पणत्यांच्या वाती वळताना त्यांनी हळूच मला विचारले, "विहीणबाई, एक इचारू का? खरं सांगा. उडून जाती का सगळी?"

क्षणभर मी गप्प राहिले. होकार दिला असता तर पोरीचा बेत पार पडला असता, जावयांचा शब्द राहिला असता आणि कोणाला काही कळलेही नसते. पण माळ त्यांच्या गळ्यात होती आणि प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी म्हटले, "नाही हो. सगळी जात नाही." अमेरिकेच्या कृषिखात्याने याचे कोष्टकच दिलेले आहे. पदार्थ पंधरा मिनिटे शिजला तर निम्म्याला थोडे कमी, म्हणजे ४० टक्के मद्यार्क उरतो. अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, आणि अडीच तास रटरटला तरी ५ टक्के राहतोच. मद्यार्क पाण्याच्या आधी उकळतो हे खरे, पण पाण्यात मिसळला की तो सहजी सुटत नाही.

त्यांनी वात तेलात बुडवली. "बरं झालं सांगितलंत. मग माझ्या चुलीवर ते नको. पण पोरगी एवढ्या लांबून आली, तिचं मन नाही मोडायचं. दुसरं काही जमतंय का बघा."

मग आम्ही तिघी विचाराला बसलो. वाइन पदार्थात करते काय? पहिले, आंबटपणा देते. त्यामुळे फळ आकार धरून राहते. नुसत्या पाण्यात ते लवकर मऊ पडते. दुसरे, रंग देते. आणि तिसरे, जिभेला किंचित तुरटपणा देते, म्हणून साखर मिठ्ठ लागत नाही. या तिन्ही गोष्टी घरात होत्या!

पावशेर काळ्या मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवल्या. सकाळी कुस्करून गाळल्या. त्या पाण्यात सात-आठ आमसुले, दीड वाटी साखर, दालचिनीचे दोन तुकडे, चार लवंगा आणि लिंबाची पातळ साल घातली. तुरटपणासाठी चमचाभर चहापूड फडक्यात बांधून पाच मिनिटे सोडली आणि काढून घेतली. भांडे स्टीलचे घेतले. आंबट पदार्थाला ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेले पितळ नको.

पेरू घेतले आठ, पिकलेले पण बोटाने न दबणारे. पातळ सोलून त्यांचे दोन भाग केले आणि बिया चमच्याने कोरल्या. बियांचा गर टाकला नाही. थोड्या पाण्यात उकळून, गाळून पाकातच मिसळला, म्हणजे पाक आपोआप दाट होतो. फोडी मंद आचेवर वीसेक मिनिटे शिजवल्या. सुई सहज गेली की फोडी काढायच्या, पाक चमच्याला धरेपर्यंत आटवायचा आणि पुन्हा फोडींवर ओतायचा. खरी चव आणि रंग दुसऱ्या दिवशी. रात्रभर मुरू द्यावे.

सीताफळाचे असे करता येईल का, असे कोणी विचारील. करू नये. त्याचा गर तापवला की कडवटतो. ते झाडाखाली बसून खावे, हेच बरे.

पाडव्याला पानात ती किरमिजी फोड आली तेव्हा जावयांनी एक घास घेतला, आईकडे पाहिले आणि दुसरी फोड मागितली. शेजारच्या खालांकडे वाटी गेली. त्यांनी आधी विचारले, "इसमें क्या डाले?" मुलीने सगळी हकिगत सांगितली. उर्दूत 'जाम' म्हणजे मद्याचा पेला. खाला पदर तोंडाला लावून हसल्या, "मतलब जाम तो है, पर जाम नक्को!" दोन्ही घरी न चालणारी गोष्ट गाळली, तर पदार्थ दोन्ही घरी चालला.

बाटली न उघडताच लिस्बनला परत गेली. तिथे मुलगी पाहुण्यांसाठी वाइनमध्येच नासपती शिजवते, आणि त्यात वावगे काही नाही. ज्याचे त्याचे घर.

पंधरा दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. लवंग-दालचिनी त्यांनी काढून टाकली होती, चहाही वगळला होता, आणि त्याऐवजी वेलदोडा घातला होता. म्हणाल्या, "कार्तिकीला केलं होतं. मठातल्या बायांना लई आवडलं."

अशी ती पोर्तुगालची झिंगलेली नासपती नेकनूरला आली, जाम झाली आणि एकादशीचा उपास करू लागली!