टिचकीचा भाव

१
वहीच्या डाव्या पानावर अण्णांच्या हापूसच्या विक्रीची पट्टी, उजव्या पानावर माझ्या संकेतस्थळाची कमाई. दुसरी वही आणायचं राहून गेलं, त्यामुळे शेजार घडला.

२
संकेतस्थळ परसबागेचं आहे. पाचर कलम, भेट कलम, कोय कलम, गुटी, खड्डा किती फूट, शेणखत किती घमेली. पैशाच्या बाबतीत याहून वाईट विषय एकच, कविता.

३
कोय कलमाच्या पानावर एक दिवस वकिलाची जाहिरात. 'कलम' वाचून यंत्राने कायदा धरला. खतांच्या पानावर खरेदीखत करून देणारे. त्या दिवशी रोजच्या चौपट पैसे पडले. यंत्राची चूक मी कुणाला कळवलेली नाही.

४
गूगलने एप्रिल २००३मध्ये कॅलिफोर्नियातली अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी घेतली, सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना. तिचं काम शब्दाचा नेमका अर्थ ओळखायचं. पानांवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या यंत्रणेचं 'अ‍ॅडसेन्स' हे नावही तिच्याकडूनच आलं. दोन महिन्यांत, म्हणजे जूनमध्ये, कुणाही साध्या माणसाला आपल्या पानावर गूगलच्या जाहिराती लावता येऊ लागल्या. इंग्रजीत. हिंदीचा नंबर २०१४ साली लागला, मराठीचा २०१८ साली. तोवर मराठी लिहिणारे काहीजण पानाच्या तळाशी दोन परिच्छेद इंग्रजी ठेवत. नैवेद्य म्हणून.

५
त्याआधी, १९९८. बिल ग्रॉस यांचं गोटू डॉट कॉम हे शोधयंत्र. शोधल्यावर वरची जागा हवी असेल तर दर टिचकीमागे, म्हणजे क्लिकमागे, जास्त पैसे बोला, असा रोखठोक कारभार. जाहिरातदार किती देतोय तो आकडा निकालासोबत उघड छापलेला. पुढे कंपनीचं नाव ओव्हर्चर झालं आणि २००३मध्ये ती याहूने घेतली.

६
तेच १९९८. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी एका निबंधात लिहिलं, की जाहिरातीवर जगणारं शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडेच झुकणार. विद्यार्थी: गूगलचे सर्गेई ब्रिन, लॅरी पेज.

७
वाशीच्या बाजारात हापूसचा भाव रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटं दाबणार, वर चेहरे कोरे. अण्णा एकदा पेट्यांबरोबर गेले होते. रुमालाचा रंग त्यांना अजून आठवतो.

८
मराठीत 'बोली' म्हणजे भाषाही आणि लिलावात लावतात तीही. माझ्या पानावर पहिली भरपूर आहे.

९
बंद पाकिटातल्या बोलीचा एक प्रकार असा: जो सर्वांत जास्त बोलतो तो जिंकतो, पण पैसे देतो दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच. त्यामुळे मनातला खरा आकडा लिहायला कुणी घाबरत नाही. १९६१ साली एका अर्थशास्त्रज्ञाने हे सिद्ध करून दाखवलं. ऑक्टोबर १९९६मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते वारले. शोधाच्या पानावरच्या जाहिरातींचा लिलाव याच कल्पनेच्या एका चुलत भावावर उभा राहिला. अ‍ॅडसेन्स मात्र २०२१मध्ये साध्या पद्धतीवर आलं, जो जेवढं बोलेल तेवढं त्याने द्यायचं.

त्या अर्थशास्त्रज्ञाचं नाव विल्यम विक्री. हे मी जुळवलेलं नाही.

अण्णांना सगळं समजावलं. ते म्हणाले, "आणि दुसरा जो बोलला, तो पहिल्याचाच मेव्हणा असला तर?"

१०
जाहिरातींचं कुठलं जाळं बरं, हे ठरवायला तक्ता केला. पैसे हातात पडायला किती साचावे लागतात: अ‍ॅडसेन्स १०० डॉलर, मीडिया डॉट नेट १००, इन्फोलिंक्स ५०, बिडव्हर्टायझर १०. तक्ता छान दिसत होता. मग त्यात माझा मार्च महिना घातला: ३ डॉलर ११ सेंट. शंभर गाठायला बत्तीस महिन्यांच्या वर. कलम धरायला चार-पाच वर्षं घेतं, त्यामानाने लवकरच म्हणायचं.

११
इन्फोलिंक्सची तऱ्हा वेगळी. जाहिरातीला चौकट नाही, मजकुरातल्याच शब्दाखाली रेघ. त्यावर बाण नेला की जाहिरात उघडते. आपलं वाक्य आणि त्यात दुसऱ्याचं दुकान. वाचकाला वाटतं लेखकाने महत्त्वाचा शब्द अधोरेखित केलाय.

१२
मीडिया डॉट नेट दिव्यांक तुराखिया यांनी उभी केली. मुंबईचा माणूस, कंपनीचं मोठं कार्यालयही मुंबईत. याहू आणि बिंगच्या जाहिराती पानांवर पोचवण्याचं काम. २०१६मध्ये चिनी गुंतवणूकदारांच्या गटाने सुमारे ९० कोटी डॉलरना घेतली. आत यायच्या अटी: मजकूर मुख्यतः इंग्रजी, वाचक मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधले.

१३
माझे परदेशी वाचक: न्यू जर्सीतले एक काका, कुंडीत कढीपत्ता जगत नाही म्हणून. या अटींच्या हिशेबाने ते एकटेच सगळ्या तालुक्याच्या तोडीचे. त्यांच्या कढीपत्त्याला मी सविस्तर उत्तर लिहिलं.

१४
याहूने २००५मध्ये अ‍ॅडसेन्ससारखं स्वतःचं जाळं काढलं, एप्रिल २०१०मध्ये मिटलं. जाता जाता आपल्या लोकांना चितिका नावाच्या कंपनीचं दार दाखवलं. चितिका २०१९मध्ये मिटली.

१५
चितिका हा तेलुगू शब्द. अर्थ चुटकी, बोटांनी वाजवतात ती. चालवणारे मॅसॅच्युसेट्समध्ये, नाव तेलुगू. आपण क्लिकला टिचकी म्हणतो. कॅरमची सोंगटीही टिचकीनेच जाते, आणि पोराच्या कानालाही तीच.

१६
खात्यात १० डॉलर झाले की अ‍ॅडसेन्स पत्ता तपासतं. कसं, तर पोस्टाने. एका साध्या पाकिटात सहा आकडी पिन येतो, तो संगणकात भरायचा. आपला पिनकोडही सहा आकडीच, १५ ऑगस्ट १९७२पासून. आमच्याकडे पाकीट पाचव्या आठवड्यात आलं. पोस्टमन सायकलवरून उतरले, पाकीट उलटसुलट केलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोराचं परदेशात काम झालं वाटतं." आईने त्यांना चहा दिला. मी काही बोललो नाही.

१७
नियम पहिला: स्वतःच्या पानावरच्या जाहिरातीवर स्वतः टिचकी मारू नये.
नियम दुसरा: इतरांना मारायला सांगू नये.
सांगलीची मावशी फोनवर: "अरे, सांगायला कशाला हवं? रोज जेवण झालं की पाच-पाच वेळा दाबते मी. काल फ्रिजची दाबली, आज लग्नाच्या स्थळांची."

१८
एका जाळ्याने खातं गोठवलं. पत्रातला शब्द 'अवैध वर्दळ'. शिल्लक १७ डॉलर जाहिरातदारांना परत. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

१९
नको त्या टिचक्यांचे पैसे आमच्याकडून का घेतले, म्हणून अमेरिकेत आर्कान्सामधल्या खटल्यात जाहिरातदारांनी गूगलला कोर्टात खेचलं. फिर्यादीत पहिलं नाव भेटवस्तूंच्या एका दुकानाचं. २००६मध्ये तडजोड झाली, रक्कम ९ कोटी डॉलरपर्यंत.
मावशी अगदीच किरकोळ आहे.

२०
जाहिरातदाराच्या शंभरातले पानवाल्याला किती? २००३पासून २०१०पर्यंत गूगलने हे सांगितलंच नव्हतं. मे २०१०मध्ये सांगितलं: ६८. सात वर्षं लोक पट्टी न बघता पेट्या पाठवत होते.

२१
२०१६मध्ये राज्य सरकारने ठरवलं, फळं-भाजीची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची. अण्णा म्हणाले, "बरं झालं." मग पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. "मग भाव का उतरला?"

२२
पाणी नाकातोंडात गेल्यावर बऱ्याच जणांनी एका पानावर तीन-तीन जाळी लावली. लेख शोधायला खाली जावं लागतं. मीही आठवडाभर लावून पाहिली. कमाई थोडी वाढली. आईने फोनवर लेख उघडला आणि म्हणाली, "यात तुझं कुठलं?"

२३
२०२४च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स टिचकीचे पैसे देत नाही. जाहिरात दिसली की तिचे पैसे. दहाव्या टिपणातला बत्तीस महिन्यांचा हिशेब खोडला.

२४
मावशी: "म्हणजे आता नुसतं बघायचं?"

२५
मे. पेट्या गेल्या, पट्टी आली. भाडं वजा, हमाली वजा. उजव्या पानावर माझी पहिली शंभरी: बँकेत उतरताना बँकेने आपलं काढून घेतलं, रुपयाचा भाव बँकेचा. दोन्ही पानांवर 'वजा' हा शब्द सारख्याच उंचीवर आलाय.

२६
शेजाऱ्याने बांधावरचं कलम तोडलं. आमच्या म्हणण्याप्रमाणे आमचं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं. अण्णा संध्याकाळी पडवीत येऊन उभे राहिले. "तुझ्या पानावर त्या वकिलाचं काहीतरी यायचं ना? बघ जरा उघडून."
मी म्हटलं, तुम्ही उघडा. मला तिथे टिचकी मारायची मनाई आहे.